पाच नंबरचा पीसी आणि स्वतःची एक्सऑर्ग फाईल : अभ्यासिकेच्या कामाच्या नोंदी

१२ जुलै २०२५, शनिवार

परळच्या आमच्या अभ्यासिकेतले पीसी धड चालवायचं काम घेतलंय, त्याच्या या नोंदी. पीसी लिनक्सवर चालतात, तिथे स्क्रीनवर चित्र काढायचं काम एक्सऑर्ग नावाचा प्रोग्राम करतो (पुढे त्यालाच एक्स, एक्स सर्व्हर किंवा नुसतं सर्व्हर म्हटलंय), आणि त्याला काय हवं ते एका कॉन्फिग फाईलीत लिहून सांगता येतं. माझ्यानंतर जो कोणी सांभाळेल त्याला उपयोगी पडतील. फोनवर लिहितोय, त्यामुळे कमांडींची नावं उच्चाराप्रमाणे देवनागरीत येतील, टर्मिनलमध्ये अर्थातच रोमनमध्ये टाकायची.

सहा पीसी आहेत, सगळे देणगीतले. पाच नंबर सोडून बाकी सगळ्यांवर इंटेलचं ऑनबोर्ड ग्राफिक्स, डेबियन १२ (लिनक्सचा एक प्रकार), एक्सएफसीई हा डेस्कटॉप आणि लॉगिनचा पडदा दाखवणारा लाईटडीएम. पाच नंबर वेगळाच प्राणी, त्याच्या बोर्डवर व्हीजीए नाहीच, एक जुनं जीफोर्स कार्ड बसवलंय आणि त्याला एनव्हिडियाचा ३९० मालिकेतला जुना ड्रायव्हर लागतो म्हणून तो डेबियन ११ वरच ठेवलाय. मुलं सगळी 'वाचक' नावाच्या एकाच साध्या अकाउंटवरून बसतात, मीही तोच वापरतो. रूट, म्हणजे मशीनवर सगळे अधिकार असलेलं अकाउंट, त्याचा पासवर्ड फक्त काकांकडे. काका बँकेच्या ईडीपी (संगणक) खात्यातून रिटायर झालेत, आणि पासवर्डचा विषय काढला की हसून चहा मागवतात.

तक्रारी तीन. दोन नंबरवर अक्षरं चपटी दिसतात ("दादा, सगळं जाडं झाल्यासारखं वाटतंय"). दिवाळी अंकाची प्रुफं तपासायला एक ताई येतात, त्यांना पान उभं आणि अख्खं दिसायला हवंय, सारखं स्क्रोल करून मान दुखते म्हणाल्या. आणि पाच नंबरला भिंतीतून गेलेल्या वायरने प्रोजेक्टर जोडलाय तो १०२४ बाय ७६८ च्या वर जातच नाही, प्रोजेक्टर मुळात १२८० बाय ८०० चा आहे.

माझं म्हणणं असं की हे सगळं रूट न मागता साध्या युजरने करता यायला हवं, निदान कुठपर्यंत करता येतं ते तरी कळायला हवं.

१३ जुलै, रविवार

दोन नंबरपासून सुरुवात. टर्मिनलमध्ये नुसतं एक्सरँडआर (स्क्रीनचे रिझोल्यूशन दाखवणारी आणि बदलणारी कमांड) टाकलं तर यादीत १०२४ बाय ७६८, ८०० बाय ६००, ८४८ बाय ४८० आणि ६४० बाय ४८० एवढंच. ही यादी दिसली की समजायचं मॉनिटरकडून काही माहितीच आलेली नाही. मॉनिटरच्या आत १२८ बाइटचा एक तक्ता असतो, ईडीआयडी म्हणतात त्याला, त्यात तो कुठले रिझोल्यूशन घेतो ते लिहिलेलं असतं आणि व्हीजीए वायरीतून ते १२ आणि १५ नंबरच्या पिनांवरून येतं, १२ वर डेटा, १५ वर क्लॉक. त्या पिना तुटल्या तर चित्र येतं पण ओळख येत नाही.

वायर काढून टॉर्च मारून बघितलं. ९ नंबरची पिन नव्हती पण ती बऱ्याच वायरींना मुळातच नसते, तिच्यावरून काही ठरवू नये. १५ नंबरची मात्र वाकून आत दबली होती.

तात्पुरतं सेशनमधून केलं. सीव्हीटी कमांडला १४४० ९०० ६० दिलं की ती एक मोडलाईन, म्हणजे त्या मोडचं (रिझोल्यूशन आणि वेग) आकड्यांतलं वर्णन, काढून देते: १०६.५०, मग १४४० १५२८ १६७२ १९०४, मग ९०० ९०३ ९०९ ९३४. पहिला आकडा पिक्सेल क्लॉक मेगाहर्ट्झमध्ये, पुढचे चार आडवे (दिसणारे पिक्सेल, सिंक म्हणजे ओळ संपल्याचा इशारा कुठे सुरू, कुठे संपला, एकूण), त्याच्या पुढचे चार उभे. १०६.५ मेगाहर्ट्झला १९०४ ने भागलं की ५५.९ किलोहर्ट्झ येतात, तो आडवा सिंक, आणि त्याला ९३४ ने भागलं की ५९.९ हर्ट्झ. हा हिशेब एकदा हाताने करून बघावा, पुढे लॉगमध्ये सर्व्हर अमुक मोड नाकारला म्हणतो तेव्हा नेमकं काय नाकारतोय ते कळतं.

मग एक्सरँडआरला न्यूमोड (मोड सांगायचा), अॅडमोड (तो मॉनिटरच्या जागेला जोडायचा) आणि आउटपुट (तो लावायचा), या क्रमाने. अक्षरं जागेवर आली. याला रूट लागत नाही, कुठली फाईल लागत नाही, चालू असलेल्या सर्व्हरला आपण फक्त विनंती करतो. लॉगआउट केलं की गेलं.

एक काळजी घ्यावी, विशेषतः दुसऱ्यांच्या मशीनवर. नवीन मोड लावताना त्याच ओळीत पुढे स्लीप १५ आणि मग आधीचा मोड परत लावायची कमांड जोडून ठेवायची. स्क्रीन काळी झाली तरी पंधरा सेकंदांनी आपोआप परत येते, चित्र नीट दिसलं तर कंट्रोल-सी दाबून ते परत जाणं थांबवायचं.

१९ जुलै, शनिवार

लॅमिंग्टन रोडला जाऊन जाड फेराइटवाली व्हीजीए वायर आणली. दुकानदार म्हणाला, "आता कोण घेतं हो व्हीजीए", आणि मागच्या खोक्यातून काढून दिली. लावल्याबरोबर दोन नंबरने मॉनिटर ओळखला, १४४० बाय ९०० आपोआप. फाईल नाही, स्क्रिप्ट नाही. ज्याला वायर बदलून भागतं त्याला कॉन्फिग लिहू नये, हे माझं ठाम मत आहे, कारण ती फाईल पुढे वर्षानुवर्षं तिथेच पडून राहते आणि उद्या मॉनिटर बदलला की कोणाला कळत नाही हे असं का वागतंय.

पाच नंबरची गोष्ट वेगळी. तिथली वायर भिंतीच्या पट्टीतून वर गेलीये आणि मधे एक स्प्लिटर आहे, तो ईडीआयडी पुढे सोडतच नाही. भिंत फोडायची परवानगी गणपतीच्या तोंडावर मिळणं अशक्य.

तिथेही आधी सीव्हीटी केलं, १२८० ८०० ६० ला ८३.५०, मग १२८० १३५२ १४८० १६८०, मग ८०० ८०३ ८०९ ८३१. पण अॅडमोडला थेट एरर, बॅडमॅच. हा एनव्हिडियाच्या बंदिस्त ड्रायव्हरचा स्वभाव आहे, चालू सर्व्हरमध्ये बाहेरून नवीन मोड जोडून घेत नाही. त्याला जे सांगायचं ते सर्व्हर सुरू होतानाच, म्हणजे एक्सऑर्ग.कॉन्फ नावाच्या फाईलीतूनच सांगावं लागतं.

म्हणजे फाईल लागणार. आणि ती जागा, /ईटीसी/एक्स११/, रूटची.

२० जुलै, रविवार

पाच नंबरला हात लावायच्या आधी चार नंबरवर रंगीत तालीम. ताईंसाठी उभ्या स्क्रीनची छोटी फाईल लिहिली, मॉनिटर सेक्शन, आयडेंटिफायर व्हीजीए-१, आणि ऑप्शन रोटेट लेफ्ट. बस. अख्खी लांबलचक फाईल लिहायची गरज कधीच संपलीये, जेवढं बदलायचं तेवढंच लिहायचं, बाकी सर्व्हर स्वतः शोधतो. घरच्या फोल्डरमध्ये डॉट-कॉन्फिगखाली एक्सऑर्ग नावाचा फोल्डर करून प्रूफ.कॉन्फ म्हणून ठेवली.

लाईटडीएममधून हे करता येत नाही, तो सर्व्हर स्वतः रूट म्हणून सुरू करतो आणि त्याची कमांड त्याच्या स्वतःच्या सेटिंगमध्ये, ती परत रूटची. म्हणून कंट्रोल-आल्ट-एफ२ (नुसत्या अक्षरांची स्क्रीन येते, तिला कन्सोल म्हणतात), तिथे वाचक म्हणून लॉगिन, आणि स्टार्टएक्स (सर्व्हर हाताने सुरू करायची कमांड), मग दोन डॅश, मग -कॉन्फिग आणि फाईलचा पूर्ण पाथ. दोन डॅशच्या अलीकडचं सगळं क्लायंटसाठी, म्हणजे स्क्रीनवर चालणाऱ्या प्रोग्रामांसाठी, पलीकडचं सर्व्हरसाठी.

चाललं! मॉनिटर स्टँडवरून काढून पुस्तकांच्या थप्पीला टेकवून उभा केला आणि अख्खं पान दिसलं. लॉग बघितला, तो घरच्याच फोल्डरमध्ये पडतो, डॉट-लोकल, शेअर, एक्सऑर्ग. त्यात "युझिंग कॉन्फिग फाईल" या ओळीच्या आधी कंसात दोन अधिक चिन्हं होती. या खुणा पाठ असलेल्या बऱ्या: दोन अधिक म्हणजे कमांड लाईनवरून आलं, दोन चांदण्या म्हणजे कॉन्फिग फाईलमधून, दोन बरोबरची चिन्हं म्हणजे सर्व्हरचं स्वतःचं डिफॉल्ट, दोन वजा म्हणजे हार्डवेअरला विचारून कळलं. आपली फाईल वाचली की नाही याचा निकाल या खुणेवर लागतो, स्क्रीनवर काय दिसतं त्यावर नाही.

फाईल आणि कमांड पेनड्राइव्हवर घेऊन त्याच उत्साहात पाच नंबरवर गेलो. तिथे स्टार्टएक्स आपटलं. सर्व्हर म्हणतो, वाढीव अधिकार असताना -कॉन्फिगला रिलेटिव्ह पाथच (सुरुवातीला तिरकी रेघ नसलेला) द्यावा लागेल आणि त्यात दोन टिंबं (म्हणजे वरच्या फोल्डरमध्ये जाणं) नकोत.

कमांड तीच, अकाउंट तसंच साधं, एका पीसीवर चालतं आणि एकावर नाही.

२६ जुलै, शनिवार

आठवडाभर लोकलमध्ये उभ्या उभ्या फोनवर मॅन पेजेस (कमांडींची माहितीपानं) वाचली, दादर ते ठाणे प्रवासाचा एवढा सदुपयोग आधी कधी झाला नव्हता.

गोष्ट अशी आहे. पूर्वी एक्स सर्व्हरला ग्राफिक्स कार्डाशी थेट बोलावं लागायचं म्हणून तो सेटयूआयडी रूट असायचा, सुरू कोणीही करो, चालणार रूट म्हणून. मग कार्डाचे मोड बदलायचं काम कर्नलमध्ये गेलं, त्याला केएमएस म्हणतात, आणि कीबोर्ड, माऊस, कार्ड हे सगळं सिस्टीमडीच्या लॉगइनडी या लॉगिन सांभाळणाऱ्या सेवेकडून मागून घेता यायला लागलं. २०१४ च्या १.१६ आवृत्तीपासून एक्सऑर्ग रूटशिवाय चालू शकतो, आणि डेबियनने २०१७ च्या ९ व्या आवृत्तीत तेच नेहमीचं केलं, अट एवढीच की ज्या कन्सोलवर लॉगिन केलंय तिथूनच सुरू करायचा.

पण सगळीच कार्डं केएमएसवाली नसतात. त्यांच्यासाठी एक्ससर्व्हर-एक्सऑर्ग-लेगसी पॅकेजात एक्सऑर्ग.रॅप नावाचा छोटा सेटयूआयडी प्रोग्राम येतो. तो आधी रूट म्हणून उठतो, मशीनमधली कार्डं बघतो, सगळीच्या सगळी केएमएसवाली निघाली तर रूटचे अधिकार टाकून देतो आणि मग खरा सर्व्हर चालवतो. एक जरी तशी नसली तर अधिकार ठेवतो. चार नंबरवर इंटेल, म्हणून सर्व्हर माझ्या नावाने चालला आणि माझी फाईल वाचायला त्याला काहीच हरकत नव्हती. पाच नंबरवर ३९० ड्रायव्हर, त्याचं मोडसेट मुळात बंद असतं, म्हणून सर्व्हर रूट, म्हणून नकार.

खात्री करायला दोन्हीकडे पीएस (चालू प्रोग्रामांची यादी देणारी कमांड) करून सर्व्हरचा मालक बघितला. चारवर वाचक, पाचवर रूट.

आणि गंमत बघा, जो ड्रायव्हर फाईलीशिवाय ऐकत नाही नेमका त्याच्यामुळेच सर्व्हरला रूट लागतं आणि फाईल घरातून घेता येत नाही.

२ ऑगस्ट, शनिवार

काका आले होते. त्यांना सगळं दाखवलं, आणि मी म्हटलं, काका, /ईटीसी/एक्स११/ मध्ये एक सिमलिंक (दुसरीकडच्या फाईलीकडे नेणारं नुसतं नाव) करून द्या माझ्या घरातल्या फाईलीकडे, नाव रिलेटिव्ह, दोन टिंबं नाहीत, सर्व्हरची तपासणी पास होईल, आणि नंतर मला पाहिजे तेव्हा बदलता येईल, तुम्हाला त्रास नाही.

काका म्हणाले, "त्रास मला नाही, पण गच्चीची किल्ली एका घरात असते आणि तू म्हणतोयस कुलूपच तुझ्या दाराला लावू."

मग त्यांनी खुर्ची ओढली आणि नीट समजावलं. एक्सऑर्ग.कॉन्फमध्ये फाइल्स नावाचं सेक्शन असतं, त्यात मॉड्यूलपाथ देता येतो, म्हणजे सर्व्हरने आपले ड्रायव्हर आणि एक्स्टेन्शन कुठल्या फोल्डरमधून उचलायचे ते. सर्व्हर रूट म्हणून चालत असेल आणि ती फाईल वाचक अकाउंटच्या हातात असेल, तर त्या अकाउंटवर बसणारा कुठलाही मुलगा स्वतः बनवलेलं मॉड्यूल तिथे ठेवून ते रूट म्हणून चालवू शकतो. मग पासवर्ड काकांकडे असून उपयोग काय? रिलेटिव्ह पाथची अट आहे ती यासाठीच: सर्व्हरचे अधिकार जेवढे मोठे, तेवढ्याच मोठ्या माणसाने लिहिलेली फाईल तो वाचणार.

त्यांनी जुन्या एक्सफ्री८६ च्या काळची गोष्टही सांगितली. तेव्हा कॉन्फिग म्हणून थेट /ईटीसी/शॅडो, म्हणजे पासवर्डांची गुप्त फाईल, द्यायचे लोक, सर्व्हर ती रूट म्हणून उघडायचा, त्याला अर्थात त्यातलं काही कळायचं नाही आणि तक्रार करताना पहिली ओळ छापून दाखवायचा. पहिली ओळ बहुतेक वेळा रूटची, पासवर्डच्या हॅशसकट (त्याचं सांकेतिक रूप).

हे सगळं इतिहासजमा झालंय असंही नाही. २०१८ च्या ऑक्टोबरात सीव्हीई-२०१८-१४६६५ (सुरक्षेतल्या त्रुटीचा नोंद क्रमांक) निघालं, त्यात -कॉन्फिग नव्हे तर त्याचे भाऊबंद -मॉड्यूलपाथ आणि -लॉगफाईल यांची तपासणी १.१९ पासून ढिली झाली होती, सेटयूआयडी सर्व्हर असलेल्या मशीनवर साधा युजर रूट होऊ शकत होता, १.२०.३ मध्ये दुरुस्त केलं. अॅडव्हायजरीत शोधणाऱ्याचे आभार मानलेत ते नाव मराठी दिसलं, उगाच कॉलर ताठ झाली.

तर सिमलिंक रद्द. मला पटलं.

३ ऑगस्ट, रविवार

ठरलं असं की काका /ईटीसी/एक्स११/ मध्ये अभ्यासिका नावाचा फोल्डर करणार, मालक रूट, वाचायला सगळ्यांना मोकळा. त्यात पाच नंबरच्या दोन फाईली, प्रोजेक्टर.कॉन्फ आणि डेस्क.कॉन्फ. लिहायच्या मी, वाचून मंजूर करून ठेवायच्या त्यांनी. मग वाचक अकाउंटवरून कोणीही स्टार्टएक्स, दोन डॅश, -कॉन्फिग, अभ्यासिका/प्रोजेक्टर.कॉन्फ एवढं टाकलं की झालं. पाथ रिलेटिव्ह आहे, दोन टिंबं नाहीत, सर्व्हर तो /ईटीसी/एक्स११/ खालीच शोधतो. मधे सबफोल्डर चालतो. एक्सऑर्गकॉन्फिग नावाच्या एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबलमध्ये तेच नाव ठेवलं तरी चालतं, नियम तेच.

म्हणजे युजरला निवडायचा अधिकार, लिहायचा नाही. एका खोलीत तीस मुलं येऊन बसतात तिथे हेच बरोबर आहे, माझा सुरुवातीचा सूर थोडा वेगळा होता ते वर दिसतंच.

प्रोजेक्टर.कॉन्फमध्ये मॉनिटर सेक्शनला हॉरिझसिंक ३० ते ६० आणि व्हर्टरिफ्रेश ५५ ते ७५ लिहिलं, प्रोजेक्टरच्या पुस्तिकेत दिलेल्या मर्यादेच्या आतलंच. हे आवाके दिले नाहीत तर ईडीआयडी नसताना ड्रायव्हर स्वतः खूप सावध आवाका धरतो आणि आपली मोडलाईन बाद करतो. आपली १२८० बाय ८०० वाली ८३.५ भागिले १६८०, म्हणजे ४९.७ किलोहर्ट्झ, आवाक्यात आरामात बसते. मग मोडलाईन, डिव्हाइस सेक्शनला ड्रायव्हर एनव्हिडिया, स्क्रीन सेक्शनला डेप्थ २४ आणि मोड्समध्ये आपल्या मोडलाईनचं नाव. नाव अक्षर न् अक्षर तेच हवं.

पुस्तिका बघितल्याशिवाय आवाका वाढवू नये. जुन्या काचेच्या मॉनिटरांना भलता सिंक दिला तर ते जळायचे म्हणतात, आताचे नुसतं "आउट ऑफ रेंज" दाखवून गप्प बसतात, तरी सवय नको.

९ ऑगस्ट, शनिवार

राखीपौर्णिमा, अभ्यासिकेत शुकशुकाट, काका नारळीभात घेऊन आले आणि फाईली ठेवून गेले.

प्रोजेक्टर लागला. भिंतीवर १२८० बाय ८००, अक्षराच्या कडा स्वच्छ, वेलांटी आणि रफार वेगळे दिसतात. आधी 'र्क' आणि 'क' मागच्या बाकावरून सारखेच दिसायचे.

लॉग मात्र इथे घरात नसतो, सर्व्हर रूट म्हणून चालतो म्हणून /व्हर/लॉग/ मध्ये. वाचक अकाउंटवरून वाचता येतो, तेवढं पुरे.

एक बारकावा नोंदवून ठेवतो. दर वेळी एवढी लांब कमांड मुलांना टाकायला सांगण्याऐवजी डॉट-एक्ससर्व्हरआरसी फाईल करावी असं वाटलं, स्टार्टएक्स ती आपोआप वाचतो. ती करता येते, पण दोन गोष्टी. एक, शेवटी व्हीटी आणि त्यापुढे एक्सडीजी-व्हीटीएनआर व्हेरिएबल (चालू कन्सोलचा नंबर) द्यायला लागतं, नाहीतर सर्व्हर दुसऱ्याच कन्सोलवर जायला बघतो आणि रूट नसलेल्या मशीनवर अडतो. दोन, कमांड लाईनवर दोन डॅशच्या पुढे काहीही लिहिलं की स्टार्टएक्स ती फाईल बघतच नाही, सरळ डिफॉल्ट सर्व्हर घेतो. म्हणजे दोन्ही मिसळायचं नाही. मी सोपं केलं, बॅशच्या एलियासमध्ये, म्हणजे टर्मिनलमधल्या लांब कमांडींच्या टोपणनावांत, 'भिंत' आणि 'टेबल' असे दोन शब्द करून टाकले. मुलांना आवडलं.

आज डेबियन १३ पण आलं म्हणे. पाच नंबरचा त्याच्याशी संबंध नाही.

१० ऑगस्ट, रविवार

घरून एसएसएच (नेटवरून दुरून लॉगिन) करून चार नंबरवर स्टार्टएक्स चालवून बघितलं. "फक्त कन्सोलवरच्या युजरांना परवानगी", असं म्हणून रॅपने हाकललं. /ईटीसी/एक्स११/ मधल्या एक्सरॅपर.कॉन्फिगमध्ये अलाउड-युजर्स नावाची ओळ असते, तिच्यात कन्सोल, रूटओन्ली किंवा एनीबडी. इंटरनेटवर जिकडे तिकडे सल्ला मिळतो एनीबडी करा म्हणून. काकांना विचारलंही नाही. मशीनसमोर बसलेल्या मुलाच्या स्क्रीनवर मी भांडुपहून सर्व्हर सुरू करायचं काही कारण नाही.

१२ ऑगस्ट, मंगळवार

ताईंच्या उभ्या स्क्रीनचं अखेर काय केलं ते. प्रूफ.कॉन्फ चालत होती, पण त्यांना कन्सोल, लॉगिन, स्टार्टएक्स हे सगळं नको होतं. "मला एक बटण दे रे बाबा," म्हणाल्या. मग डेस्कटॉपवर दोन आयकॉन, उभं आणि आडवं, मागे एक्सरँडआरची एकेक ओळ, आउटपुट व्हीजीए-१, रोटेट लेफ्ट किंवा नॉर्मल. नेहमीच्या लाईटडीएमच्या लॉगिनमध्येच चालतं. इंटेलला हे चालू सर्व्हरमध्ये जमतं, मग सर्व्हरची फाईल कशाला?

हीच स्क्रिप्ट दुसऱ्या मशीनवर नेताना आउटपुटचं नाव बघून बदलायचं. मोडसेटिंग ड्रायव्हरवर ते व्हीजीए-१, जुन्या इंटेल ड्रायव्हरवर मधली रेघ नसायची, एनव्हिडियावर मोजणी शून्यापासून.

आणि उभ्या स्क्रीनवर अक्षरांच्या कडांना लालनिळी झाक दिसत होती ते सबपिक्सेलमुळे, म्हणजे प्रत्येक पिक्सेलमधल्या लाल, हिरव्या, निळ्या पट्ट्यांमुळे, ते पट्टे आता उभे नसून आडवे झाले. एक्सएफसीईच्या फॉन्ट सेटिंगमध्ये सबपिक्सेल ऑर्डर 'नन' केली, साफ. ताईंच्या लगेच लक्षात आलं, प्रुफं तपासणाऱ्यांची नजर वेगळीच असते.

कीबोर्डचंही याच वेळी उरकलं. मराठी टायपिंगसाठी सेटएक्सकेबीमॅप, लेआउट यूएस आणि आयएन, दुसऱ्याला व्हेरियंट मार-कागपा (उच्चाराप्रमाणे टायपिंग), आल्ट-शिफ्टने अदलाबदल. ज्यांना इनस्क्रिप्ट येतं त्यांच्यासाठी वेगळा आयकॉन. कायम लागणारी ओळ डॉट-एक्ससेशनआरसी मध्ये टाकली. डेबियनवर ही फाईल सोयीची आहे, लाईटडीएममधून आलात तरी वाचली जाते आणि स्टार्टएक्समधून आलात तरी, अट एवढीच की घरात स्वतःची डॉट-एक्सइनिटआरसी करून ठेवलेली नको.

१६ ऑगस्ट, शनिवार

दहीहंडी. डीजेच्या आवाजाने खिडक्यांची तावदानं हलत होती, आत बसणं शक्य नाही. काम शून्य.

१९ ऑगस्ट, मंगळवार

पाऊस. शाळा-कॉलेजांना सुट्टी, मेन लाईन बंद, हिंदमाताला पाणी. घरीच बसून लॅपटॉपवर -कॉन्फिगडिर बघितलं. -कॉन्फिग एका फाईलसाठी आणि -कॉन्फिगडिर अख्ख्या फोल्डरसाठी, त्यातल्या डॉट-कॉन्फ संपणाऱ्या सगळ्या फाईली नावाच्या क्रमाने वाचल्या जातात, म्हणूनच लोक नावाआधी १०, २०, ४० असे आकडे लावतात. अधिकारांचे नियम तेच. पण एक लक्षात ठेवायचं, यामुळे फक्त /ईटीसी/एक्स११/ मधला एक्सऑर्ग.कॉन्फ.डी बाजूला पडतो, /यूएसआर/शेअर/एक्स११/ मधला सिस्टीमचा फोल्डर तरीही वाचला जातोच. "मी तर रिकामा फोल्डर दिला, मग टचपॅड कसा चालतोय", तर तिथल्या ४०-लिबइनपुट.कॉन्फमुळे.

माझ्या लॅपटॉपवर ग्नोम हा डेस्कटॉप आहे आणि तो वेलँडवर, म्हणजे एक्सच्या जागी आलेल्या नव्या पद्धतीवर, तिथे यातलं काहीच लागू नाही. वेलँडमध्ये वेगळा सर्व्हर नसतो, खिडक्या जोडून स्क्रीन रंगवणारा कंपोझिटरच सर्व्हर, आणि तो पहिल्यापासून युजरचाच. मॉनिटरची मांडणी घरातल्या डॉट-कॉन्फिगमधल्या मॉनिटर्स.एक्सएमएल मध्ये, स्वे हा कंपोझिटर वापरत असाल तर त्याची फाईलही घरातच. जुन्या एक्स प्रोग्रामांसाठी एक्सवेलँड असतो पण तो एक्सऑर्ग.कॉन्फ वाचत नाही, त्यामुळे वेलँडवर बसून ती फाईल कितीही सजवली तरी काही होणार नाही. रेड हॅटने तर त्यांच्या लिनक्सच्या २०२५ मधल्या १० व्या आवृत्तीतून एक्सऑर्ग सर्व्हरच काढून टाकला. आमचे पीसी एक्सएफसीईवर, त्यांचं अजून एक्सवरच चाललंय आणि मशीनं बघता अजून चालेल.

२३ ऑगस्ट, शनिवार

बुधवारी गणपती, उद्यापासून अभ्यासिकेच्या खोलीत मंडळाचं सामान येणार म्हणून आज सगळं आवरलं. पुढच्याला एका नजरेत कळावं म्हणून कुठे काय आहे ते.

दोन नंबर: फक्त वायर बदललीये, कुठेही फाईल नाही, असली तर ती माझी नाही. चार नंबर: डेस्कटॉपवर उभं आणि आडवं, शिवाय घरात प्रूफ.कॉन्फ आहे ती नमुना म्हणून ठेवलीये, काढली तरी चालेल. पाच नंबर: दोन फाईली /ईटीसी/एक्स११/ मधल्या अभ्यासिका फोल्डरमध्ये, बदल हवा असेल तर काकांना कागदावर लिहून द्यायचा, व्हॉट्सअॅपवर ते बघत नाहीत. बाकी तिन्हींना हात लावलेला नाही.

पाच नंबरवर नूव्हो हा एनव्हिडिया कार्डांसाठीचा मोकळा (ओपन सोर्स) ड्रायव्हर टाकून बघायचं का असं काकांना विचारलं. तो केएमएसवाला आहे, म्हणजे रॅप रूट सोडून देईल, एक्सरँडआरने मोड जोडता येईल, आणि अभ्यासिका फोल्डरची गरजच उरणार नाही. पण जुन्या कार्डावर तो कसा वागेल, पंखा किती बोंबलेल, ते लावल्याशिवाय कळणार नाही, आणि प्रोजेक्टर आता मंडळाला रोज संध्याकाळी लागणार आहे. काका म्हणाले, विसर्जन होऊ दे, मग बघू.